चोक काढला की गाडी बंद: कार्बोरेटर घरी उघडायचा तर

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. काकांची २००९ ची स्प्लेंडर कोथरूडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये दीड वर्ष उभी होती. तू बॅटरी बदललीस, प्लग नवा टाकलास. आता चोक लावून दोन-तीन किकमध्ये चालू होते, चोक काढला की मरते. चोक अर्धा ठेवून रस्त्यावर काढली तर बरी पळते, पण सिग्नलला बंद. जवळच्या गॅरेजवाल्याने न उघडताच "कार्बोरेटर गेला, नवा टाका" सांगितलं. तू पाने हातात धरायला नुकताच शिकलायस, तर हे काम घरी जमेल का, कुठलं किट आणायचं आणि मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेचं मिश्रण ठरवणारा) स्क्रू किती आटे फिरवायचा, असं विचारलंयस.

जमेल. आणि त्या स्क्रूला एवढ्यात हात लावू नकोस.

वडगाव बुद्रुकला माझं गॅरेज आहे, तीस वर्षं हेच करतोय. "कार्बोरेटर खराब आहे" म्हणून आलेल्या गाड्यांपैकी निम्म्यांचा तरी कार्बोरेटर चांगला असतो, आणि उरलेल्यांमध्ये बिघाडापेक्षा आधीच्या कुणीतरी फिरवाफिरवी करून ठेवलेला घोळ जास्त असतो. तुझी गाडी उभी राहून बिघडलीय. उभी राहायच्या आधी ती नीट चालत होती, म्हणजे तिचं सेटिंग बरोबर होतं. तुला सेटिंग करायचंच नाहीये, साफ करायचंय. ही दोन वेगळी कामं आहेत.

काय झालंय ते गाडीने तुला सांगितलंय. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जायचे रस्ते वेगवेगळे असतात. आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडलेला असताना, पेट्रोल फक्त स्लो जेटमधून येतं (जेट म्हणजे बारीक भोकाचा पितळी तुकडा). थोडी मूठ पिळली की वर-खाली होणाऱ्या पिस्टनचा (स्लाइडचा) तिरका काप आणि मग त्याला लटकलेली सुई काम करायला लागते. साधारण पाव ते पाऊण मुठीपर्यंत सुईचं राज्य. त्यापुढे पूर्ण पिळलीस की मेन जेट. तुझी गाडी रस्त्यावर पळते म्हणजे सुई आणि मेन जेट यांचं बरं चाललंय. सिग्नलला मरते म्हणजे स्लो जेट तुंबलाय. चोक लावल्यावर का चालते? चोकची पाकळी तोंड झाकते, इंजिनाचा ओढा सगळा आतच राहतो आणि सुईच्या बाजूनेही पेट्रोल खेचलं जातं. म्हणजे बंद असलेल्या नळाचं काम शेजारचा नळ करतोय.

दीड वर्षात कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा चिकट थर राहतो. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी तळाला बसलं की पितळेच्या जेटवर हिरवट आणि वाटीच्या धातूवर पांढरी भुकटी धरते. मेन जेटचं भोक मोठं असल्याने ते तग धरतं. स्लो जेटचं भोक किती असतं माहितेय? केहिन कंपनीच्या जेटवर ३५ कोरलं असेल तर ते ०.३५ मिलिमीटर. मोहरीच्या दाण्याचासुद्धा अगदी छोटा हिस्सा.

तरीपण उघडायच्या आधी पंधरा मिनिटं बाकीच्यांची झडती घे. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाक. दीड वर्षाच्या पेट्रोलला रॉकेलसारखा, शिळा वास येतो, तुला कळेलच. कॉकचा (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीचा) पाइप कार्बोरेटरकडून काढून बाटलीत सोड: सलग धार पडली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर कॉकच्या जाळीत टाकीचा गंज अडकलाय. धार सुरू होऊन मिनिटभरात बारीक होत असेल तर टाकीचं झाकण उघडून बघ, फुस्स आवाज येऊन धार परत वाढली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. एअर फिल्टर काढून बघ. गेल्या काही वर्षांत मेट्रो आणि उड्डाणपुलांच्या कामांनी पुण्याच्या फिल्टरांची जी दशा केलीय ती आम्हीच जाणतो. मग टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट. टॅपेट टाइट असतील तरी गाडी सिग्नलला अशीच बंद पडते. आणि शेवटचं, कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला जोड. तिथली ओ-रिंग कडक होऊन चिरली की तिथून फुकटची हवा शिरते आणि लक्षणं डिट्टो तुझ्या गाडीसारखी. चोक अर्धा ठेवून गाडी चालू कर आणि त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मार. आवाज बदलला तर चोर तिथे आहे. हे काम कार्बोरेटर क्लीनरच्या स्प्रेने करणारे लोक आहेत. गरम सायलेन्सरशेजारी पेटणारा स्प्रे मारणं मला पटत नाही.

एवढं सगळं ठीक निघालं तर उघड.

जागा. फ्लॅटमध्ये नाही, गॅलरीतही नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली बसते आणि जमिनीलगत पसरत जाते. घरात गॅसची शेगडी असते, देवापुढे निरांजन असतं, फ्रिजचा स्विच ठिणगी टाकतो. बेसमेंटचं पार्किंग तर त्याहून वाईट, वाफ तिथेच साचते. वर मोकळ्या हवेत, सावलीत बस. शेजारी बादलीभर कोरडी माती ठेव. पेट्रोल पेटलं तर त्यावर पाणी ओतायचं नाही, आग पाण्यावर तरंगत पसरते. काढलेलं पेट्रोल झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, गटारात नाही.

एक परात घे. खरंच सांगतोय. मी शिकाऊ असताना एका ग्राहकाच्या गाडीचा स्लो जेट हातातून निसटला, फरशीवर टण्ण वाजला आणि नाल्याच्या जाळीतून गेला. शनिवारची संध्याकाळ, दुकानं बंद होत आलेली. उस्तादांनी एक शब्द न बोलता दुसऱ्या दिवशी माझ्या हातात परात ठेवली. तेव्हापासून कार्बोरेटर परातीतच. आईला विचारून घे, कारण एकदा पेट्रोल लागलं की ती परात गाडीचीच झाली.

हत्यारं फार लागत नाहीत. आठ-नऊ आणि दहा-अकराचे पाने, एक चांगला स्टार, एक जेटच्या खाचेत बरोबर बसेल असा सपाट स्क्रू ड्रायव्हर. इथे पैसे वाचवू नकोस. जपानी घडणीच्या कार्बोरेटरवरचे स्टार स्क्रू आपल्या बाजारातल्या साध्या स्टारपेक्षा किंचित वेगळ्या खाचेचे असतात. साधा स्टार त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की उसळून वर येतो आणि खाच गोल करून टाकतो. जपानी खाचेचा मागून घे, रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतो. वाटीचे स्क्रू अडले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल टाकून ठेव, सकाळी ड्रायव्हर खाचेत धरून मागून हातोडीची एक-दोन हलकी टोलवणी दे, मग फिरव. जेटसाठी सपाट ड्रायव्हरचं पातं खाचेच्या रुंदीएवढं पाहिजे. अरुंद पात्याने पितळ लगेच सोलवटतं, आणि मग तो जेट निघत नाही आणि राहतही नाही.

डोळ्यांवर चष्मा लाव. क्लीनरचा स्प्रे एका भोकात मारलास की तो भलत्याच भोकातून थेट तोंडावर येतो. प्रत्येकाच्या डोळ्यात तो एकदा तरी गेलेला आहे.

कॉक बंद कर, वाटीच्या तळाचा ड्रेनचा स्क्रू सैल करून पेट्रोल काढ. पाइप काढ. वरचं झाकण फिरवलंस की पिस्टन, सुई आणि स्प्रिंग केबलसकट बाहेर येतील. ते केबलला तसंच लटकू दे, स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेव. सुईवर एक चिमटीसारखी क्लिप असते, ती कोणत्या खाचेत आहे ते बघ, पण हलवू नकोस. मग इंजिनाकडचे दोन बोल्ट, फिल्टरच्या नळीची क्लॅम्प, आणि कार्बोरेटर हातात. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढ. माझ्या वेळी फोटो नव्हते, जुन्या वहीच्या पानावर चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी टोचून ठेवायचो. तेही चांगलं आहे.

आता तो स्क्रू. बाजूला दोन असतात. मोठा, स्प्रिंगवाला, पिस्टनला टेकून आयडलिंग वाढवतो. छोटा, खोलात बसलेला, तो मिक्श्चरचा. साफ करायचं म्हणजे छोटा बाहेर काढावाच लागेल, पण आधी तो आत फिरव आणि हलका टेकेपर्यंत किती आटे बसले ते मोज. अर्धा-पाव सगळं मोज, कागदावर लिही, "पावणेदोन" असं. टेकला की थांबायचं. आवळलास तर त्याचं टोक बसकेत रुतून खळगा पाडतं आणि मग आयुष्यभर ती गाडी ट्यून होत नाही. मोजून झालं की बाहेर काढ. त्याच्या मागोमाग स्प्रिंग, पातळ वायसर आणि मोहरीएवढी ओ-रिंग येते. ओ-रिंग बहुधा आतच चिकटून राहते आणि लोक तिच्यावर क्लीनर मारून तिला फुगवतात. टाचणीला चिमटीत धरून अलगद काढ.

वाटी उघड. फ्लोटची (वाटीत तरंगणाऱ्या तुकड्याची) पिन बाजूने ढकल, फ्लोट उचल, त्याला लटकलेली निडल सोबत येईल. ही पिस्टनची सुई नव्हे, ही वाटीत येणारं पेट्रोल अडवते. तिचं टोक भिंगाखाली बघ. गोल रेघ पडली असेल तर ती बदलायची. पेट्रोल ओव्हर होऊन नळीतून खाली टपकतं त्याचं निम्म्या वेळा कारण हेच असतं. फ्लोट कानाशी धरून हलव, आत पेट्रोल खळखळलं तर तो भोक पडून जड झालाय.

मध्ये दोन पितळी जेट दिसतील. उभ्या नळकांड्यात बसलेला मोठा, तो मेन. त्याच्या शेजारी खोलात, बारीक, तो स्लो जेट. हाच तुझा आरोपी. काढ आणि आकाशाकडे धरून त्यातून बघ. गोल, स्वच्छ, टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला पाहिजे. काहीच दिसणार नाही, पैज लाव. दिसलाच तर अर्धचंद्रासारखा.

आता लोक जे करतात ते करू नकोस. सुई, टाचणी, क्लच केबलची तार, ड्रिल, काहीही पोलादी त्यात घालायचं नाही. पितळ मऊ असतं. ०.३५ चं भोक एका ओरखड्यात ०.४० झालं तर क्षेत्रफळ जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढतं, गाडी काळा धूर सोडायला लागते आणि तुला कळत नाही का. आधी जेट क्लीनरमध्ये रात्रभर बुडवून ठेव. सकाळी हवा मार. कॉम्प्रेसर नसेल तर पंक्चरवाल्याकडे जा. तरी अडलेलं असेल तर लवचिक वायरीतल्या तांब्याच्या तारांपैकी एकच केस घेऊन हलकेच आरपार कर. तांबं पितळेपेक्षा मऊ, स्वतः वाकेल पण भोक खाणार नाही. लिंबू-चिंचेच्या पाण्यात उकळायचा उपाय कुणीतरी सांगेलच. आजीची भांडी लखलखतात म्हणून बरं वाटतं, पण कार्बोरेटरचं शरीर जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्र धातूचं असतं, आंबटाने त्याला खड्डे पडतात. पितांबरीही नको. त्यातले बारीक कण जिथे जाऊन बसतील तिथून तुला काढता येणार नाहीत.

जेट साफ झाला म्हणजे काम झालं असं नाही, आणि नवशिके इथेच फसतात. जेटच्या पुढे त्या पेट्रोलला कार्बोरेटरच्या अंगातून बोगदा आहे. तो पिस्टनच्या खाली, इंजिनाच्या बाजूला अगदी बारीक छिद्रांतून बाहेर येतो. स्लो जेट बसतो त्या भोकात स्प्रेची नळी लावून मार. पिस्टनच्या पोकळीत त्या छिद्रांतून, आणि मिक्श्चर स्क्रूच्या भोकातून, दोन्हीकडून फवारा यायला हवा. कुठून आला आणि कुठून नाही हे डोळ्यांनी बघ. फिल्टरच्या तोंडाकडे खाली एक-दोन छिद्रं असतात ती हवेची, त्यांतूनही मार. प्रत्येक भोकाचं दुसरं टोक सापडेपर्यंत थांबायचं नाही. हे तासभर चाललं तरी चालेल. गॅरेजमध्ये आमच्याकडे हा तास नसतो, म्हणून "नवा टाका" म्हणणं सोपं पडतं. तुझ्याकडे वेळ आहे, हाच तुझा फायदा.

किटबद्दल. नाना पेठेत शंभर प्रकारची मिळतील. त्यातून निडल, वाटीची रबरी रिंग आणि ओ-रिंगा वापर. जेट मात्र जुनेच परत लाव. स्वस्त किटमधल्या जेटवर आकडा एक असतो आणि भोक दुसरंच. जुना जेट साफ होत असेल तर त्याच्याइतका विश्वासू दुसरा नाही.

बसवताना एकच जागा धोक्याची आहे. पिस्टनला बाजूने उभी खाच असते, ती आतल्या खुंटीत बसली पाहिजे, आणि त्याचा तिरका कापलेला भाग फिल्टरकडे. उलटा गेला तर तो पूर्ण खाली बसत नाही. मी एकदा तसा बसवला. पहिल्या किकला गाडी जी किंचाळली! किल्ली बंद करेपर्यंत आळीतल्या खिडक्या उघडल्या होत्या. झाकण लावलंस की मूठ पिळून सोड, आत टक्क असा आवाज आला पाहिजे. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून पुन्हा बघ, केबल ताणली जात नाही ना. मिक्श्चरचा स्क्रू तू लिहिलेल्या आकड्यावर. कागद हरवलास तर दीड ते दोन आट्यांपासून सुरुवात कर. कॉकनंतर एक पारदर्शक फिल्टर टाक. कॉक चालू करून पाच मिनिटं किक न मारता फक्त बघ, थेंब पडतोय का.

एवढ्यावर गाडी चोकशिवाय उभी राहायला हवी. आता बारीक ट्यूनिंगची परवानगी. दहा मिनिटं चालवून इंजिन नीट गरम कर, थंड इंजिनावर केलेलं ट्यूनिंग फुकट जातं. मग छोटा स्क्रू पाव आटा फिरव, दहा सेकंद थांब, ऐक. जिथे इंजिन सगळ्यात जलद आणि गुळगुळीत चालतं ती जागा पकड, मग मोठ्या स्क्रूने आयडलिंग खाली आण. अशा छोट्या गाड्यांना १४०० च्या आसपास फेरे बरे. पण दिशा ओळख. छोटा स्क्रू पिस्टनच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो, उघडलास की मिश्रण पातळ होतं. इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल मोजतो, उघडलास की घट्ट. इंटरनेटवरची भांडणं बहुतेक यावरूनच असतात, दोघंही आपापल्या गाडीपुरते खरे असतात.

२००९ ची गाडी २० टक्के इथेनॉलसाठी जमवलेली नाही. शुद्ध पेट्रोलला जाळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. या मिश्रणाचा हिशोब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे जुन्याच सेटिंगवर गाडी सात-आठ टक्के पातळ चालते. फ्युएल इंजेक्शनवाली गाडी हे सेन्सरने सांभाळून घेते, कार्बोरेटरला ते कळत नाही. म्हणून मिश्रण घट्ट करायच्या दिशेने जुन्या आकड्यापेक्षा पाव-अर्धा आटा जास्त फिरवावा लागला तर घाबरू नकोस. त्याहून जास्त लागला तर कुठेतरी अजून हवा शिरतेय किंवा बोगदा अर्धाच उघडलाय, स्क्रूने ते झाकू नकोस.

पीयूसी काढशील तेव्हा स्लिप फेकू नकोस. तुझ्या वर्षाच्या फोर स्ट्रोक गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आहे. यंत्राने तीनच्या वर आकडा दिला तर मिश्रण घट्ट, शून्याला चिकटला तर पातळ. एवढं चांगलं मीटर इतक्या कमी पैशांत घरच्या मेकॅनिकला दुसरीकडे मिळत नाही. ट्यूनिंगच्या आधी आणि नंतर, दोन्ही स्लिपा शेजारी ठेवून बघ.

जाता जाता, मित्राची ॲक्टिव्हा उघडायला लागलास तर यातलं सगळं लागू होणार नाही. तिचा पिस्टन केबलने नाही, इंजिनाच्या ओढ्याने उचलला जातो, वर पातळ रबरी पडदा असतो. त्यावर क्लीनरचा एक फवारा पडला की तो लाटा आल्यासारखा फुगतो आणि नवाच टाकावा लागतो. आणि एप्रिल २०२० नंतरच्या दुचाकींमध्ये बहुतेक कार्बोरेटरच नसतो, तेव्हा नवी गाडी उघडून शोधत बसू नकोस.

चाचणीला मूठ आणि हँडलवर टेपचे तुकडे लाव, पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा कर. कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला उभा राहा: स्लो जेटची परीक्षा. पौड रोडला एकाच वेगात, अर्ध्या मुठीत चालव: सुई. मग चांदणी चौकाच्या चढावर पूर्ण पिळ: मेन जेट. वरती जाऊन बाजूला थांब, किल्ली बंद कर, गार झाल्यावर प्लग काढ. चहाच्या रंगाचा निघाला तर खाली ये. काळा काजळलेला किंवा पांढरा फटक निघाला तर फोटो काढून पाठव, आणि छोटा स्क्रू किती आट्यांवर आहे तेही लिही.